आत्याचं विमान

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. मुंबई ते न्यूयॉर्क दोन तासांत, भारताने करून दाखवलं वगैरे. खाली तिरंगा आणि नमस्काराचे हात. एरवी असलं काही मी न वाचताच पुसतो. पण संध्याकाळी आत्याकडे गेलो, तर ती चष्मा लावून तेच वाचत बसलेली.

"हे कधी सुरू होणार रे?"

प्रश्न साधा, पण मला उत्तर देववेना. आत्या शनिवार पेठेतच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मुलगा न्यूजर्सीला. आतोबांना अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं तेव्हा त्याला फोन केला, आणि मिळेल त्या विमानाने तो निघाला. फोन ठेवल्यापासून इथला जिना चढेपर्यंत २७ तास. आतोबा १९व्या तासाला गेले.

तर ढकलपत्रात खरं किती? ७ सप्टेंबर २०२० ला डीआरडीओने ओडिशाजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून एक यान उडवलं. अग्निबाणाने ते ३० किलोमीटर उंचीवर नेलं, मग त्याचं स्वतःचं स्क्रॅमजेट इंजिन पेटलं आणि ते आवाजाच्या सहापट वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ किलोमीटर, गेलं. (आवाजाच्या पाचपटीपुढे गेलं की त्याला हायपरसॉनिक म्हणतात.) किती वेळ? २० सेकंदांहून थोडं जास्त. शनिवारवाड्यापासून सिंहगड हवेतून वीसेक किलोमीटर. म्हणजे तेवढ्या वेळात गडावर जाऊन परत! वळता आलं असतं तर :-) आणि हो, आत माणूस नव्हता.

वीस सेकंद ऐकून हसू नका. साध्या विमानाच्या इंजिनात हवा दाबायला फिरती पाती असतात. इथे पाती नाहीत, यानाच्या वेगानेच हवा दाबली जाते. म्हणून आधी अग्निबाणाने तो वेग द्यावा लागतो. आत शिरलेली हवाही आवाजापेक्षा जोरात धावत असते, आणि ती बाहेर पडायच्या आत, सेकंदाच्या काही हजारांश भागात, इंधन तिच्यात मिसळून जळलं पाहिजे. त्रिपुरी पौर्णिमेला ओंकारेश्वरापाशी पणती लावताना आपण हाताचा आडोसा करतो. इथे आडोसा जास्त झाला तर हवा तुंबते आणि इंजिनच विझतं.

शिवाय उष्णता. भिंती वितळू नयेत म्हणून इंधनच आधी भिंतींमधून फिरवायचं, त्याने उष्णता शोषायची आणि मग जळायला जायचं, अशी युक्ती आहे. हैदराबादच्या डीआरडीएलने थंड ठेवलेला असा ज्वलनकक्ष २०२५ च्या जानेवारीत १२० सेकंद आणि एप्रिलमध्ये १००० सेकंदांहून जास्त चालवला. पण जमिनीवर. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला उड्डाणात स्क्रॅमजेट पेटवलं होतं, तेव्हा ते ५ सेकंद चाललं होतं. मला अभिमान वाटतो तो ह्या सेकंदांचा. ढकलपत्रातल्या दोन तासांचा नाही.

कारण इंजिन चालणं वेगळं आणि आत्याच्या मुलाने तिकीट काढणं वेगळं. अमेरिकेच्या एक्स-१५ विमानातून माणूस आवाजाच्या ६.७ पट वेगाने ३ ऑक्टोबर १९६७ लाच उडाला. त्यानंतर सहा दशकं होत आली, प्रवासी अजून खालीच आहेत. कॉन्कॉर्ड तर आवाजाच्या दुपटीनेच जायचं, तरी खर्च आणि कानठळ्या बसवणारा आवाज ह्यांपायी फार थोड्या मार्गांवर राहिलं आणि २००३ मध्ये बंद झालं.

मग एवढा पैसा कशासाठी? क्षेपणास्त्रांसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण १५०० किलोमीटरहून जास्त पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. शेजारी करतात तर आपल्यालाही करावंच लागतं, हे मला पटतं. पण काळजीही वाटते. जो वेग मुलाला बापाजवळ वेळेत पोचवेल, तोच वेग कुठल्यातरी अधिकार्‍याची विचार करायची मिनिटं कमी करतो. येतंय ते खरंच काय आहे, हे ठरवायलाही वेळ लागतो ना? आधी हा दुसरा उपयोग येणार आणि पहिला कदाचित कधीच नाही, हे आपण निदान स्वतःशी कबूल करावं. ढकलपत्रं नेमकं तेवढंच लपवतात.

घरी येऊन मी गणित केलं. न्यूयॉर्क ते मुंबई साधारण १२,५०० किलोमीटर, त्या वेगाने पावणेदोन तास. त्याचे हवेतले १५ तास होते. म्हणजे सव्वातेरा तास वाचले असते आणि तो १४व्या तासाला पोचला असता. आतोबा तेव्हा बोलत होते.

हे मी आत्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "आत्या, आपल्या हयातीत नाही गं. त्याला दिवाळीची वाट बघू नको म्हणावं, ह्याच सुट्टीत ये म्हणावं."

तिने चष्मा काढून ठेवला. "मग तूच लाव फोन," म्हणाली.

लावला. असो.