फेब्रुवारीत गाव मोजायचं, तर ऊसतोडीला गेलेल्यांचं काय?

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या कोरडवाहू गावात फेब्रुवारीत गेलात, तर अनेक घरांना कुलूप दिसेल. उघड्या घरांत म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे राहिलेली मुलं. कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात.

देशाची पुढची जनगणनाही फेब्रुवारीतच आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि प्रत्यक्ष माणसं मोजायची ती त्याआधीच्या महिन्यात. मग या गावाची लोकसंख्या किती धरायची?

नियम काय आहे?

२०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या काळात मोजणी झाली. या काळात माणूस काही दिवस जरी नेहमीच्या घरी असला, तर त्याची नोंद तिथेच व्हायची. सगळे दिवस बाहेर असला, तर जिथे सापडेल तिथे.

साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात फडाजवळ कोप्या घालून राहतात. हाच नियम लावला, तर त्यांची नोंद तिथल्या गावात होईल. आणि प्रगणक कोपीपर्यंत पोहोचलाच नाही, तर कुठेच होणार नाही.

आकडा चुकला तर काय बिघडतं?

बरंच काही. राज्यघटनेच्या कलम २४३ नुसार पंचायतीसाठी लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतली लोकसंख्या. त्यावरून ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ठरते. महाराष्ट्रात १,५०० पर्यंत लोकसंख्येला ७ सदस्य, त्यापुढे ३,००० पर्यंत ९. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही लोकसंख्येतल्या प्रमाणावर ठरतात. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० लोकांमागे एक असा आहे.

चूक लवकर दुरुस्तही होत नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि गावांचा कारभार २०११ च्याच आकड्यांवर चालत राहिला.

यावेळी जातही मोजणार

१९३१ नंतर पहिल्यांदाच जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार आहे. त्यामुळे प्रश्न फक्त संख्येचा राहत नाही. ऊसतोडीला सगळं गाव जात नाही. जातात ते भूमिहीन आणि अल्पभूधारक. त्यांत वंजारी, बंजारा, दलित आहेत, तशीच कोरडवाहू शेती असलेली मराठा कुटुंबंही आहेत. ही घरं गावाच्या नोंदीत नसतील, तर कागदावरचं गाव प्रत्यक्षापेक्षा म्हातारं आणि सुस्थितीतलं दिसेल. ज्यांच्यासाठी योजना आखायच्या, त्यांचंच प्रमाण कमी भरेल.

मार्ग काय?

कोण कुठे गेलंय, याची माहिती शोधायला फार लांब जावं लागणार नाही. ऊसतोड कामगारांची गावात ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याची राज्याची योजना आहे. कोणती टोळी कोणत्या फडात आहे, हे कारखान्याला आणि मुकादमाला माहीत असतं. या याद्या प्रगणकांच्या हाती दिल्या, तर निदान कोपीतलं कुटुंब मोजायचं राहणार नाही.

पण ते कुटुंब कोणत्या गावचं धरायचं, हा निर्णय जनगणना विभागाचा आहे. तो मोजणी सुरू होण्याआधी स्पष्ट व्हायला हवा. नंतर आकडे बदलता येत नाहीत.