उंची खुंटते म्हणे!

मंडळी, वजनं उचलली की पोरांची उंची खुंटते, हे पालुपद आता पुरे! नीट शिकून केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वयाच्या मुलांना आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

दुखापत होते ती चुकीच्या पद्धतीने, घाईने आणि मित्रांशी लावलेल्या पैजेने. मग शिकवा ना! अक्षर गिरवल्याशिवाय मी कुणाला निबंध दिला नाही. इथेही आधी जोर-बैठका, मग हलकी डंबेल्स. १०-१५ वेळा सहज उचलता येईल तेवढंच वजन, श्वास न रोखता, आणि शेजारी जाणता माणूस.

नातवाला 'नको' म्हणणं सोपं आहे. पण तो चोरून, एकटाच उचलू लागला, तर?