रमाबाईंचा राग

राग म्हणजे पाप, हे ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने भावावर रागावणाऱ्याला खुन्याच्या ओळीत बसवलं, हे खरंच. पण मार्कच्या तिसऱ्या अध्यायात तोच येशू सभास्थानात रागाने सभोवार पाहतो. वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा, आणि परूश्यांना चिंता शब्बाथाची! त्या रागात दुःखही होतं, असं मार्क नोंदवतो. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

पंडिता रमाबाईंचा राग याच जातीचा. १८९७च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीर कोरडे ओढले. राज्यकर्ते स्वधर्मीय, तरी बाईंनी भीड ठेवली नाही. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळग्रस्त मुलींना त्या केडगावच्या आपल्या आश्रमात आणत होत्या.

आमच्या मेहरूणात काय, धुळ्यात काय, नवऱ्याचा मार सोसणारी बाई चिडून बोलली, की ‘क्षमा कर’ असं तिलाच सुनावलं जातं. असं सुनावणाऱ्यांनी येत्या रविवारी मार्कचा तो अध्याय उपासनेत मोठ्याने वाचावा.