मालेगावचा व्हिडिओ हॉल आणि आपलं ऑडिटोरियम

‘जुगाड’ हा आपल्या हॉस्टेलचा लाडका शब्द. कूलर सुतळीने बांधला, जुगाड! व्हायवात वेळ मारून नेली, तोही जुगाडच! पण मालेगावच्या सिनेमांनाही हाच शब्द लावून हसतात, ते मला पटत नाही.

नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं गाव. आठवडाभर मागाचा खडखडाट आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पिक्चर! गावात मोठ्या टॉकीज होत्या, तसे छोटे व्हिडिओ हॉलही होते. असाच एक हॉल शेख नासिर चालवायचे. तिथे ते चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटनसुद्धा दाखवायचे. दोन व्हीसीआर जोडून ते एडिटिंग शिकले. ना इन्स्टिट्यूट, ना प्लेसमेंट सेल! मग गावातलीच माणसं घेऊन त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला.

फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट जरूर बघा. ट्रॉली नाही? सायकल घ्या. क्रेन नाही? बैलगाडी आहे की! आणि सुपरमॅन कोण, तर यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान शफीक. त्याला उडवायला मागे हिरवा कपडा. 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला, तो याच मंडळींवर.

माझ्या मते हे जुगाड नाही, इंजिनिअरिंग आहे. हातात काय आहे ते बघायचं, काय हवंय ते ठरवायचं आणि करून दाखवायचं. आपण प्रोजेक्ट सबमिट करतो, तो फक्त एक्स्टर्नल बघतो, तोही पाच मिनिटं. नासिर यांचा पिक्चर गाव बघायचं. जोक पडला तर तिथेच कळायचं! छोट्या थिएटरची खरी कमाई ही. मोबाईलवर एकेकट्याने बघताना ती मिळत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. त्या माहितीपटात प्रेक्षक जवळजवळ सगळे पुरुषच दिसतात आणि हिरॉइन बाहेरगावाहून आणावी लागते. म्हणजे ‘सगळ्या गावाचं थिएटर’ म्हणताना अर्धं गाव घरीच! आपल्याकडे तरी वेगळं काय? शो नऊचा आणि लेडीज हॉस्टेलचा इन-टाइम आठचा. आम्ही काय पोस्टर बघायची?

म्हणून रेक्टर सर, मॅडम आणि मित्रांनो, एक साधी मागणी. महिन्यातून एक शुक्रवार ऑडिटोरियम उघडा. शो संध्याकाळी पाचचा ठेवा. मेसचे काका, मावशी, वॉचमन, सगळ्यांना बोलवा. आधी आपल्याच पोरापोरींनी केलेली दहा मिनिटांची फिल्म दाखवा, मग मोठा पिक्चर. प्रोजेक्टर आहे, स्पीकर आहेत, खुर्च्यांवर धूळ आहे. ती आम्ही पुसू!