स्वस्तातली बंदूक

चेन्नईत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांना कुणीतरी जुनी सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअरची बंदूक देऊ केली. वस्तू देखणी, किंमत बेताची. मुलगा तबकड्यांवर नेम धरायला शिकेल, जमलंच तर शिकारही होईल, असा त्यांचा बेत.

पण थांबा! हौसेच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. शिवाय सेमी-ऑटोमॅटिक बंदूक नियमांनुसार निषिद्ध गटात मोडते. साध्या परवान्यावर ती घेता येत नाही. म्हणजे स्वस्तातला सौदा थेट कोठडीच्या दाराशी!

तबकड्यांच्या खेळात बहुतेक जण दुनळीच वापरतात. पुदुकोट्टईचे पृथ्वीराज तोंडैमान २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला याच खेळात उतरले होते. तेव्हा मुलाला आधी रायफल क्लबात घाला, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकू द्या.

पुढे जुनी दुनळी घ्यायचीच झाली, तर आधी पोलीस आयुक्तांचा परवाना काढा. विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवलंय ना, बंदुकीवरचा क्रमांक त्याच्या परवान्याशी जुळतो ना, हे पाहा. नळीला पोचे वा गंज नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. जुन्या बंदुकीत काडतुसाची जागा कित्येकदा ६५ मिलिमीटरचीच असते. त्यात आजचं ७० चं काडतूस उडवणं जिवावर बेतू शकतं.

स्नेह्यांनी सौदा मोडला. मुलाने दोन दिवस अबोला धरला. घरात नको ती बंदूक येण्यापेक्षा तो अबोला परवडला!