बिवळ्याच्या पेल्याची परीक्षा

माझ्या एका वृद्ध आप्तांच्या उशाशी रात्री पाण्याने भरलेला एक लाकडी पेला झाकून ठेवलेला असे. पहाटे त्यातले तांबूस झालेले पाणी, ज्यात उजेडाकडे धरले असता निळसर झाक दिसे, ते अनशापोटी पीत आणि मगच दिवसाच्या व्यवहारास लागत. पेला बिवळ्याच्या, वैद्यांच्या भाषेत असन अथवा विजयसार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृक्षाच्या, गाभ्याचा होता. आणि मधुमेहावर तो गुणकारी आहे ही समजूत महाराष्ट्रातल्या अनेक घरांप्रमाणे त्यांच्याही घरात पिढीजात चालत आली होती.

ही समजूत निराधार आहे असे म्हणण्यास मी धजावणार नाही. सुश्रुतसंहितेतील सालसारादि गणात असनाची गणना आहे आणि तो गण प्रमेहहर म्हणून सांगितला आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मधुमेहाचे नुकतेच निदान झालेल्या ९७ रुग्णांना विजयसाराचा अर्क देऊन जी चाचणी केली व जिचा निकाल १९९८ साली प्रसिद्ध झाला, तीत १२ आठवड्यांच्या मुदतीत ६७ जणांची रक्तशर्करा आटोक्यात आल्याची नोंद आहे. तथापि तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि रोगाचे नाव प्रथमच कानी पडलेला मनुष्य भयापोटी का होईना गोडधोड आवरतो, चालू-फिरू लागतो, तेव्हा श्रेय लाकडाचे किती आणि पथ्याचे किती, याचा हिशेब त्या आकड्यांवरून लागत नाही. पुढे टॉल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलना करणारी चाचणीही झाली व तिनेही आशा वाढवली.

माझी तक्रार निराळीच आहे. चाचणीतल्या रुग्णास मिळाला तो मोजून दिलेला अर्क. बाजारात मिळतो तो पेला. त्याचे लाकूड खरोखर बिवळ्याचे आहे काय, पाण्यात द्रव्य उतरते किती आणि किती दिवसांनी उतरेनासे होते, यांपैकी कशाचाही दाखला पेल्याबरोबर मिळत नाही. आप्तांच्या पश्चात एका रात्री मी तोच पेला भरून ठेवला. सकाळी पाणी जसेच्या तसे, रंगहीन होते, आणि ते कधीपासून तसे असावे याचा विचार घरातल्या कोणीही केला नव्हता. सुदैवाने त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या नव्हत्या. अशा पेल्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद करणाऱ्याचा जीव धोक्यात येतो, हे प्रत्येक विक्रेत्याने गिऱ्हाइकास बजावून सांगितलेच पाहिजे.

१९८० च्या सुमारास बनारसच्या संशोधकांनी याच वृक्षातील एपिकॅटेचिन या द्रव्याने मधुमेही उंदरांच्या स्वादुपिंडातील बीटा पेशी पुन्हा उत्पन्न होतात असे जाहीर केले, तेव्हा केवढी आशा पल्लवित झाली होती! अन्य प्रयोगशाळांत मात्र तो परिणाम आढळला नाही. याउलट युरोपातील गॅलेगा ही वनस्पती पाहावी. गुराढोरांना विषारी ठरलेल्या त्या झुडपातील द्रव्याचा माग काढता काढता रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या जातकुळीची संयुगे बनवली, आणि त्यांपैकी एकाचा मधुमेही रुग्णांवरील अनुभव पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. तेच मेटफॉर्मिन आज जगभर प्रथम दिले जाते. मूळ झुडूप चघळण्याचा सल्ला मात्र आता कोणी देत नाही. बिवळ्यासही हाच चिकाटीचा मार्ग लाभावा, अशी माझी कळकळ आहे.

आणि त्यास विलंब परवडणारा नाही. मधुमेहावरच वापरल्या जाणाऱ्या कावळीची, म्हणजे गुडमाराची, पाने खुडली तरी वेल पुन्हा फुटते. बिवळ्याचे औषध मात्र खोडाच्या गाभ्यात असल्याने ते मिळवायचे तर झाडच पाडावे लागते, आणि कुऱ्हाड बसताच रक्तासारखा लाल डिंक गाळणारा हा वृक्ष जंगलांतून विरळ होत चालला आहे. गाभा पक्व होण्यास कित्येक दशके लागतात. वनखात्याने याच्या लागवडीची तजवीज आजच करावी, आणि अर्काच्या प्रमाणबद्ध मात्रेस सरकारी मान्यता मिळेपर्यंत पेल्यांच्या विक्रीवर, निदान लाकडाच्या उगमाचा परवाना दाखवण्याची सक्ती असावी.