चहाची बशी आणि मोटारीची जाळी

वैशाखातली गोष्ट. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जीपनं निघालो होतो. घाट अर्धा चढलो नाही, तोच बॉनेटमधून वाफ! एक पोरगा फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला. ड्रायव्हरकाका ओरडले, "अबे पोट्ट्या, हात नोको लावू! तोंड भाजशीन!"

काकांचं बरोबर होतं. आतलं पाणी दाबाखाली असतं. गरम असताना झाकण उघडलं, की ते उसळून अंगावर येतं. अर्धा तास थांबणं आलं. मग काय, "सर, गोष्ट!"

कार्ल बेंझच्या १८८६च्या मोटारीत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून चक्क वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन त्याच्या मोटारीतून माहेरी निघाली, मानहाइमहून फोर्त्सहाइमला. शंभरेक किलोमीटर. वाटेत सारखं पाणी भरावं लागलं. (नवऱ्याला न सांगता गेली होती, बरं का!)

मग पाणी वाढवायचं का? तर नाही. तुम्ही गरम चहा बशीत का ओतता? चहा तेवढाच, पण पसरला की जास्त हवा लागते. विल्हेल्म मायबाखनं १९०१च्या मर्सिडीजमध्ये हेच केलं. श्रीमंतांसाठीची ही गाडी. नाव मिळालं ती मागवणाऱ्या येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं. मायबाखनं तिच्या पुढ्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी बसवली. सहा-सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या! नळ्यांतून वारा, त्यांच्या फटींतून पाणी. आधी १८ लिटर पाणी लागायचं, ते ९ लिटरवर आलं. घाटात गाडी हळू, वारा कमी, इंजिनाला कष्ट मात्र जास्त. म्हणून जाळीमागं पंखाही दिला.

आपल्याकडं १९०८ साली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स रॉईस मुंबई-कोल्हापूर शर्यतीत घाटामागून घाट चढली आणि जिंकली. पुढं ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली.

"मंग आपली जीप काहून तापली?" त्याच पोराचा प्रश्न.

काकांनी जाळीकडं बोट दाखवलं. गवताची कुसळं, मेलेले किडे, धूळ! वारा जाणार कुठून? इंजिन निवल्यावर पोरांनी काडीनं एकेक भोक मोकळं केलं. तो पोरगा भोकं मोजतही होता. दोनशे बारापर्यंत आला, तेवढ्यात काकांनी हॉर्न वाजवला.